ट्रक बांधावा की बांधलेला घ्यावा?

प्रश्न: एका वाचकांचे पत्र चांगले सात पानी आहे, त्याचा गोषवारा असा. त्यांचे वय ५२ आहे. दीड वर्षाने नोकरीतून मोकळे होऊन पती-पत्नींनी वर्षभर भटकायला निघायचे ठरवले आहे. वाळवंट, डोंगर आणि नकाशावर तुटक रेषेने दाखवलेले रस्ते मनात आहेत, म्हणून चारही चाकांना जोर मिळणारा आणि मागे राहण्याची सोय असलेला ट्रक हवा आहे. नवा तयार ट्रक आवाक्याबाहेर आहे. कोणीतरी बांधून वापरलेला एक ट्रक त्यांनी पाहिला असून त्यात बचतीचा जवळजवळ निम्मा भाग जाईल. दुसरीकडे लष्कराने लिलावात काढलेला जुना ट्रक, मागच्या रेडिओ-केबिनसह, बचतीच्या दहाव्या हिश्शात मिळतो आहे. त्यांना सुतारकाम येते, घरातली सगळी कपाटे त्यांनीच केली आहेत, आणि एका मित्राची वेल्डिंगची कार्यशाळा आहे. ‘स्वतः बांधला तर निम्म्या पैशात होईल, आणि वाटेत बिघडला तरी मीच दुरुस्त करीन,’ असे त्यांना वाटते. पत्नीचे म्हणणे तयार ट्रक घ्यावा असे आहे. ‘तिला यातली मजाच कळत नाही, तिला कसे पटवू?’ असे ते विचारतात.

उत्तर:

स. न. वि. वि.

पत्नीला कसे पटवावे हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो, कारण तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला असे वाटू लागले, की त्यांच्याकडे एक हिशेब आहे आणि तुमच्याकडे एक स्वप्न आहे. स्वप्नाला माझा विरोध नाही. मी स्वतः एकदा असा ट्रक बांधला आहे, आणि त्या काळातल्या कित्येक संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या संध्याकाळींपैकी होत्या. पण मी तो ‘स्वस्त पडेल’ म्हणून बांधायला घेतला होता आणि नेमके तेवढेच एक कारण खोटे ठरले.

तेव्हा आधी पैशांकडे पाहू. एका बाजूला बचतीचा निम्मा भाग आणि दुसऱ्या बाजूला दहावा, अशी तुलना तुम्ही केली आहे. पहिल्या रकमेत आज रात्री झोपता येईल असे घर मिळते; दुसऱ्या रकमेत एक इंजिन, चाके आणि लोखंडी पेटी मिळते. ‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. टायर, ब्रेकच्या नळ्या, सगळी रबरी सील, कूलंटचे पाइप आणि आतून गंजलेली डिझेलची टाकी इथून खर्च सुरू होतो, आणि हे सारे झाल्यावर ट्रक फक्त चालू लागतो. त्यानंतर दुहेरी काचेच्या खिडक्या, छतावरची झडप, कुलपाचे भक्कम दार, पायऱ्या, हीटर, पाण्याच्या टाक्या, पंप, बॅटरी, इन्व्हर्टर आणि जाड तांब्याच्या वायरी येतात. माझ्या वहीत मूळ ट्रकपेक्षा या दुसऱ्या यादीची बेरीज मोठी निघाली, आणि त्या यादीत स्क्रू, सीलंट, चिकटपट्ट्या व चुकीच्या मापाने कापलेल्या फळ्या मी धरल्याच नव्हत्या. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण अशाच कामासाठी जन्मली असावी.

वापरलेल्या तयार ट्रकचे गणित याच्या उलट असते. असा ट्रक बांधणाऱ्याने तो स्वतःच्या उंचीला, सवयींना आणि हट्टांना बेतून बांधलेला असतो. त्यामुळे घेणारे थोडे असतात आणि विकताना घातलेले सामान जेमतेम वसूल होते, श्रमांचे मोल तर जवळपास होतच नाही. म्हणजे दुसऱ्या कोणाची दोन-तीन वर्षे तुम्हाला फुकटात मिळतात. तुम्ही बांधलेला ट्रक तुम्ही पुढे विकाल, तेव्हा हाच नियम तुम्हालाही लागू होईल, हेही आताच लक्षात घेतलेले बरे.

पैशांपेक्षा वेळेचा हिशेब मला अधिक काळजीचा वाटतो. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तास मिळतील असे धरू. हे धरणेही जरा उदारच आहे, कारण त्यात लग्नकार्ये, आजारपणे आणि नुसता आलेला कंटाळा मोजलेला नाही. दीड वर्षाचे ७८ आठवडे म्हणजे ७८० तास. पहिल्यांदाच असे काम करणाऱ्या एकट्या माणसाला जुन्या ट्रकची डागडुजी, राहण्याच्या डब्याची बांधणी, पाणी, वीज आणि फर्निचर मिळून हजार-बाराशे तास सहज लागतात, असा माझा अंदाज आहे. मित्राची कार्यशाळा असली, तरी तिच्या मालकाला पोटापाण्याचे कामही असते; तुमचा ट्रक तिथे जागा अडवून सहा महिने उभा राहिला, की मैत्रीचीही परीक्षा होते.

आता त्या लष्करी ट्रकविषयी. लष्कराचा म्हणजे दणकट आणि नीट राखलेला, ही समजूत अर्धी खरी आहे. असे ट्रक कमी किलोमीटर चाललेले असतात, पण वर्षानुवर्षे उभे राहिलेले असतात, आणि उभे राहण्याने रबर, सील आणि ब्रेक चालण्यापेक्षा अधिक झिजतात. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे, आणि त्याची नक्षी कितीही खोल दिसली तरी त्यावर प्रवास करू नये. जुन्या लष्करी ट्रकांना कधीकधी अनेक तुकड्यांची रिम असते; तिच्यात हवा भरताना कडे उडून माणसे दगावली आहेत, म्हणून ती घरी उघडण्याच्या भानगडीत पडू नका.

वेगाचीही कल्पना असू द्या. जर्मन सैन्यात हजारोंनी वापरला गेलेला युनिमॉग यू १३०० एल हा या छंदातला लाडका ट्रक आहे. त्याची चढण्याची ताकद अफाट आहे, पण सपाट रस्त्यावर तो मूळ गियरिंगमध्ये ताशी ८० किलोमीटरच्या आसपास थकतो आणि त्या वेगाला केबिनमध्ये शेजाऱ्याशी बोलण्यासाठी ओरडावे लागते. वर्षभराच्या प्रवासातले बहुतेक किलोमीटर डांबरी रस्त्यावरच होतात, ही गोष्ट छायाचित्रे पाहताना विसरायला होते, कारण डांबरी रस्त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

रेडिओ-केबिन ही बसून काम करणाऱ्या सैनिकांसाठी केलेली असते. तुमची उंची पत्रात नाही. तेव्हा व्यवहाराआधी एक करा: पाच सेंटिमीटर जाडीची फळी घेऊन जा, केबिनमध्ये ती पायाखाली ठेवून ताठ उभे राहा आणि हात डोक्यावर नेऊन छत चाचपा. जमिनीला आणि छताला उष्णतारोधक थर दिल्यावर उरणारी उंची याहूनही कमी असेल. मान वाकवून एक आठवडा काढता येतो. वर्ष काढता येत नाही.

याच जागी बांधणीतला सगळ्यात अवघड भाग येतो, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. ट्रकची चासी म्हणजे दोन लांब गर्डर आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. खडबडीत जागी चारही चाके जमिनीला टेकलेली राहावीत म्हणून ती मुद्दामच पिळवटू शकेल अशी केलेली असते. राहण्याचा डबा मात्र कडक असतो. कडक पेटी वळणाऱ्या चासीवर थेट बोल्टने आवळली, तर दोहोंपैकी एक फाटते. मी नेमके हेच केले होते. एका ओढ्यात पुढचे डावे चाक दगडावर आणि मागचे डावे चाक खड्ड्यात अशा स्थितीत ट्रक उभा राहिला, आणि मी चहा करावा म्हणून मागे गेलो तर दार उघडेना. चौकट बोटभर तिरकी झाली होती. ट्रक सपाटीवर आणल्यावर दार मुकाट्याने उघडले. पण आठवड्याने धुताना खाली वाकलो, तेव्हा मागच्या बोल्टाच्या भोकापासून चासीवर केसाएवढी बारीक भेग निघालेली दिसली.

यावरचे उपाय जुने आणि सिद्ध आहेत: डब्याखाली वेगळी चौकट घेऊन ती तीन बिंदूंवर, किंवा समभुज चौकोनासारख्या मांडणीत चार बिंदूंवर फिरती बसवणे, नाहीतर गर्डरवर लांबीभर टेकवून स्प्रिंगच्या दाबाने धरून ठेवणे. कोणता उपाय लागू पडतो ते चासी ठरवते. जुन्या युनिमॉगची चासी खूप पिळवटते, म्हणून तिथे फिरत्या बिंदूंना पर्याय नाही. ‘मान’ (MAN) या जर्मन कंपनीच्या कॅट-१ या लष्करी ट्रकची चौकट मुळातच पेटीसारखी कडक असल्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा उरत नाही. चासीच्या गर्डरला मन मानेल तिथे भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे बहुतेक उत्पादकांच्या सूचनांमध्ये निषिद्ध असते. तुमचे मित्र वेल्डिंगमध्ये कितीही तरबेज असले, तरी हे काम ज्याने असेच दहा-वीस ट्रक केले आहेत त्याचे आहे.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे वजन. इथे तुमचे सुतारकाम तुमच्याविरुद्ध जाण्याची शक्यता आहे, हे लिहिताना मला वाईट वाटते. घरातले कपाट जड असले की भक्कम वाटते. १८ मिलिमीटरचा बर्च प्लाय चौरस मीटरला साधारण १२ किलो भरतो, म्हणजे प्लायची एक अखंड शीट सुमारे ३६ किलो आणि अशा दहा शीटचे फर्निचर ३६० किलो. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, ३०० लिटर डिझेल म्हणजे सुमारे २५० किलो, तुम्ही दोघे, शंभरेक किलोचे जादा चाक, अवजारे, कपडे, पुस्तके; प्रत्येक वस्तू एकेकटी निर्दोष असते. युरोपात साध्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंत आणि त्याच्या वरच्या वर्गाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंत वाहन चालवता येते, आणि तिथल्या बांधणाऱ्यांची सगळी धडपड या दोन आकड्यांखाली राहण्याची असते. तुम्ही जिथे परवाना काढाल आणि ट्रक नोंदवाल तिथली मर्यादा आणि अवजड वाहनाच्या परवान्याची अट पहिल्या दिवशी लिहून काढा. बांधणी संपल्यावर वजनकाट्यावर उभे राहून ती वाचण्यात अर्थ नसतो. एकूण वजनाइतकेच मागच्या आसावरचे वजनही पाहावे लागते, आणि छतावर चढवलेल्या प्रत्येक किलोने ट्रक आडव्या उतारावर अधिक घाबरवतो.

‘बिघडला तर मीच दुरुस्त करीन’ या तुमच्या वाक्यात तथ्य आहे. वायर कुठून गेली आहे आणि पाण्याचा जोड कोणत्या फळीमागे आहे, हे ज्याने काम केले त्याला अंधारातही सापडते. परंतु रस्त्यात माणसाला अडवतात ते टायर, क्लच, इंधनातला कचरा आणि चाकांची बेअरिंग, आणि डबा बांधल्याने गियरबॉक्स शिकता येत नाही. ते शिकायचे असेल तर तयार घेतलेल्या ट्रकचे तेल, फिल्टर, ब्रेक आणि बेअरिंग निघण्यापूर्वीचे वर्षभर स्वतःच्या हाताने बदला.

एक गृहीत मात्र मला अजून टोचते आहे: इतका मोठा ट्रक खरोखर हवा का? तुम्ही लिहिलेल्या वाटांपैकी बऱ्याचशा स्थानिक बस आणि मालाचे साधे ट्रक दोन चाकांच्या जोरावर पार करतात. सात टनांचा ट्रक वाळूत रुतला तर त्याला बाहेर काढायला तेवढ्याच वजनाचे दुसरे वाहन लागते. खेड्यातली गल्ली, झाडाची खालची फांदी आणि लाकडी पूल त्याला अडवतात. आणि तो साध्या कंटेनरमध्ये मावत नसल्याने समुद्र ओलांडायचा तर खुल्या मंचावर किंवा गाड्या चालवत चढवण्याच्या जहाजावर न्यावा लागतो. इवेको डेली किंवा फुसो कँटर या लहान ट्रकांच्या चारचाकी जोराच्या आवृत्त्या अशाच कामासाठी वापरल्या जातात, आणि दोन माणसांना त्या पुरतात. वाळूत टायरची हवा कमी करण्याची सवय आणि पुन्हा भरण्यासाठी चांगला कॉम्प्रेसर यांनी जितका फरक पडतो, तितका महागड्या डिफरन्शियल लॉकनेही क्वचित पडतो.

नवे तेच चांगले असेही नाही. अलीकडच्या इंजिनांना कमी गंधकाचे डिझेल आणि धूर स्वच्छ करण्यासाठीचा अॅडब्लू हा द्रव लागतो, आणि दूरच्या प्रदेशात दोन्हींची खात्री नसते. उलट जुने इंजिन काहीही पचवते, पण युरोपातल्या अनेक शहरांत प्रदूषणाच्या नियमांमुळे त्याला प्रवेश नाही. तुमचा मार्ग कोणता, यावर हे ठरेल.

आता माझे मत. बांधणे की विकत घेणे, असे दोनच दरवाजे नाहीत. ज्याचा ट्रक, चासी, डबा आणि त्यांच्यामधली जोडणी निर्दोष आहे, पण आतले फर्निचर जुने, कुबट किंवा दुसऱ्याच्या आवडीचे आहे, असा वापरलेला ट्रक शोधा. असे ट्रक तुम्ही पाहिलेल्या ट्रकपेक्षा बरेच कमी किमतीत मिळतात, कारण पाहायला येणाऱ्यांचे नाक दारातच मुरडते. आतले सगळे काढून टाका आणि पॉप्लरच्या हलक्या प्लायमध्ये स्वतः नव्याने करा. ७८० तासांत हे काम बसते, तुमच्या हातातल्या कौशल्याला न्याय मिळतो, आणि ज्या चुका जिवावर किंवा चासीवर बेततात त्या करण्याची वेळ येत नाही. पैशांची जास्त सोय झाली, तर साध्या नागरी ट्रकवर व्यावसायिकाकडून खालच्या चौकटीसह रिकामा उष्णतारोधक डबा बसवून घेऊन आतले काम स्वतः करणे, हा त्याच वाटेचा अधिक चांगला नमुना आहे.

असा ट्रक पाहायला जाल तेव्हा डब्याच्या भिंती बोटांच्या पेरांनी ठोकत चला. फायबरचा पत्रा आतल्या फोमपासून सुटला असेल तिथे आवाज पोकळ येतो. खिडक्यांच्या खालचे कोपरे आणि छतावरच्या झडपेभोवतीची जागा अंगठ्याने दाबून पाहा, पाणी तिथूनच शिरते. ट्रकखाली झोपून जोडणीच्या प्रत्येक बिंदूवर विजेरी मारा. डब्यात लोखंडी सांगाडा असेल तर थंडीत त्याच्यावर दव धरते आणि गादीखाली बुरशी येते, म्हणून गादी उचलून पाहायला लाजू नका. लिथियमची बॅटरी असेल तर ती गारठ्यात कुठे बसवली आहे ते विचारा, कारण शून्य अंशाखाली तिला चार्ज करू नये. डिझेलचा हीटर उंच जागी काजळी धरतो. त्याला उंचीसाठी काही सोय केली आहे का हेही विचारा. कागदपत्रांत वाहन ‘राहण्याचे वाहन’ म्हणून आणि खऱ्या वजनासह नोंदवलेले आहे का, हे मात्र विचारू नका, स्वतः वाचा. लष्करी ट्रकाच्या बाबतीत ही नोंदणी आणि विमा यांतच कित्येकांचे अर्धे वर्ष गेलेले मी पाहिले आहे.

आणि हे सगळे करूनही मन त्या लष्करी ट्रकाकडेच ओढ घेत असेल, तर जरूर बांधा. मात्र निघण्याची तारीख दीड वर्षाऐवजी तीन वर्षांवर न्या, आणि ती पत्नीला पुढच्या हिवाळ्यात नव्हे, आज सांगा. बांधण्याची मजा तुमची आहे, प्रवास दोघांचा आहे, आणि तुमच्या बांधकामात त्यांची दीड वर्षेही खर्ची पडणार आहेत. त्यांना यातली मजा कळत नाही असे तुम्ही लिहिता, पण त्यांना नेमके काय हवे आहे याबद्दल सात पानांत एक ओळही नाही. रात्री उठल्यावर तुम्हाला ओलांडून जावे लागणार नाही असा पलंग, आत शिजवता येईल अशी जागा, पावसात बाहेर न जाता वापरता येईल असे शौचालय: त्यांची यादी कदाचित अशी असेल, कदाचित अगदी वेगळी असेल. ती त्यांनाच लिहू द्या. मग असाच एखादा ट्रक दोन आठवडे भाड्याने घ्या, शक्यतो पावसाळी किंवा थंडीच्या दिवसांत, आणि परत आल्यावर ती यादी त्यांनाच पुन्हा दुरुस्त करू द्या. मापे त्यानंतर घ्यावीत.

तोपर्यंत लष्करी ट्रकवाल्याला विसार देऊ नका. त्याच्याकडून सगळ्याच टायरांच्या त्या चार अंकांचे फोटो आणि वजनकाट्याची पावती मात्र मागवून घ्या. पावती नाही म्हणाला, तर ट्रक काट्यावर न्यायला सांगा आणि तुम्ही स्वतः सोबत जा.